प्रत्येकी कुणाची पोर?

पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले की थंडी आली असं समजायचं. इथल्या थंडीत शाल बाहेर काढायला लावण्याइतका जोर नसतो. ती आधी नाकाला कळते. शेंगांच्या ढिगाशेजारी कोणीतरी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या मांडून बसलेलं असतं आणि त्या पाल्याचा उग्र, रानटी वास पार रिक्षांच्या रांगेपर्यंत येतो. मी गेलेली असते मेथी-कोथिंबीर आणायला. पाय मात्र तिथेच अडतात.

मी मूळची तासगावची. आमच्याकडे थंडी म्हणजे हुरडा. लग्न होऊन नवीन पनवेलला आले तेव्हा ‘पोपटी’ हा शब्द मला फक्त रंग म्हणून माहीत होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “रविवारी आमच्या शेतावर पोपटी आहे, नक्की या.” मला वाटलं, मकरसंक्रांतीला काळी साडी नेसतात तसा इकडे काहीतरी रंगाचा कार्यक्रम असेल. मी पोपटी साडी, त्यावर पोपटी बांगड्या अशी नटून गेले. शेतात सगळे जुन्या कपड्यांत, काही जण बर्म्युड्यात. मधोमध पेंढ्याचा जाळ आणि जाळात उपडं घातलेलं मडकं. त्या मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात वाफवलेलं. तिलाच पोपटी म्हणतात. लोक हसले, मीही हसले. पण जेवताना मी एका कोपऱ्यात बसले होते, हे मला अजून आठवतं. एक शब्द माहीत नव्हता एवढंच. तेवढ्यानेही माणूस कोपऱ्यात जातो.

पुढे खाडीकाठच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवत होते, तेव्हाची एक थंडी माझ्या मनात या पाल्याच्या वासाला कायमची चिकटली आहे. शाळा म्हणजे तीन खोल्या, पुढे पटांगण, पलीकडे खारफुटी आणि तिच्यामागे खाडी. भरती आली की वर्गात ओल्या चिखलाचा वास यायचा. दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने भरावाचे डंपर जायचे आणि फळ्यावर बारीक धूळ बसायची. मी ‘हातचा एक’ लिहीपर्यंत आधीचा हातचा धुळीत गेलेला असायचा.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मुलांच्या गणिताची तपासणी झाली. मूल कितव्या इयत्तेत आहे ते बाजूला ठेवायचं आणि त्याला खरंच कितवीपर्यंतचं येतं ते बघायचं, अशी ती पद्धत. केंद्रातून एक मॅडम आल्या होत्या. स्वभावाने चांगल्या, पण त्यांना संध्याकाळपर्यंत अजून दोन शाळा करायच्या होत्या. एकेका मुलाला जवळ बोलावून तोंडी विचारत होत्या. दर्शनाची पाळी आली.

दर्शना म्हणजे दोन घट्ट वेण्या, कायम चिखल लागलेल्या चपला आणि वर्गातली सगळ्यात शेवटची खिडकी. तिची आई सुनंदाताई पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. वडील उरणकडे बंदरात कामाला. धाकटा भाऊ ओम आमच्याच शाळेत दुसरीत.

मॅडमनी विचारलं, “पंचवीस आणि अठरा. या दोन संख्यांत फरक किती?”

दर्शना म्हणाली, “पंचवीस मोठी हाय. अठरा बारकी हाय.”

मॅडमनी मान हलवली आणि पुढचं विचारलं. “चार मुलींना बारा पेरू सारखे वाटले. तर प्रत्येकी किती पेरू मिळाले?”

दर्शनाने आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर्गाकडे. बहुतेक ती मुलगी कुठे बसली आहे ते शोधत असावी. शेवटी धीर करून विचारलं, “प्रत्येकी कोनाची पोर?”

वर्ग खदखदून हसला. मॅडमसुद्धा हसल्या. हसू आवरून त्यांनी कागदावर खूण केली : प्रारंभिक स्तर. दर्शनाचे कान लालबुंद झाले होते. ती जागेवर गेली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

गंमत अशी की जे हसले त्यांतल्या निम्म्यांना तरी प्रत्येकी कोण हे माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, एवढाच फरक. रोहन नावाचा उंच, बडबड्या मुलगा होता. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, मला वाटलं ती पुस्तकातली हाय. राजू, सीमा, प्रत्येकी.”

तपासणीचा निकाल आला तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी, त्यांना सगळे गुरुजीच म्हणत, मला कार्यालयात बोलावलं. वर्षानुवर्षं याच भागात नोकरी केलेला शांत माणूस. म्हणाले, “दर्शनाला गणिताच्या तासाला दुसरीत बसवावं लागेल. पाया कच्चा आहे.”

“गुरुजी, दुसरीत तिचा भाऊ आहे.”

“माहीत आहे. पण मी तरी काय करू? स्तराप्रमाणे गट करायचेत.”

दुसऱ्या दिवशी ओम एकटाच आला. त्याच्या पुढच्या दिवशीही एकटा. मी विचारलं तर म्हणाला, “ताई बोलते, मी तुझ्याबरोबर बसनार नाय. परत कदी येनारच नाय.”

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. बांधाच्या टोकाला घर होतं. अंगणात जुन्या जाळ्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला होता आणि सुनंदाताई तो हाताने हलवत बसल्या होत्या. दर्शना आतून मला पाहून दाराआड गेली. तिची एक वेणी तेवढी बाहेर राहिली.

“बाई, ती नाय यायची,” सुनंदाताई म्हणाल्या. “बारक्या भावाबरोबर बसायचं म्हंजे... पोरं चिडवतान तिला.”

“ताई, तिला गणित येतं. उभी-आडवी मांडणी करून दिली की एकही चुकत नाही. मी रोज बघते.”

“मंग खाली कशाला बसवता?”

“तिला गणिताची भाषा कळत नाही, म्हणून.”

सुनंदाताईंचा हात जवळ्यावर थांबला. “भाषा? मराठीच ना ती?”

मराठीच होती. पण ‘प्रत्येकी’ हा शब्द त्या घरात, त्या अंगणात, त्या खाडीवर कोणी कधी उच्चारला असेल? ‘शेष’ म्हटलं की मुलांना शेषनाग आठवायचा. ‘पाव’ म्हटलं की वडापाव. ‘पट’ म्हटलं की हजेरीपट. आणि ‘फरक’ तर काय, रोजचाच शब्द, पण दोन गोष्टींत फरक काय असं विचारलं तर एक मोठी, एक बारकी हेच उत्तर येणार. मी घरी माझ्या सासूबाईंना विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. पुस्तकातला ‘फरक’ त्याच कपड्यांत येतो आणि मागतो मात्र वजाबाकी. हे त्या मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं.

“संक्रांतीनंतर परत तपासणी आहे,” मी म्हणाले. “तोपर्यंत ती माझ्याच वर्गात बसेल. मी गुरुजींशी बोलते.”

दाराआडची वेणी हलली. “नक्की ना?” आतून आवाज आला.

“नक्की.”

गुरुजींनी खूप वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, “बसू दे. पण परत तेच झालं तर लोक मला नाही, तुम्हाला विचारतील. आणि पोरीला दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर तसं झालं, तर ती शाळेचं तोंड बघणार नाही. विचार करून ठरवा, बाई.”

मी विचार केला होता असं म्हणणार नाही. मला फक्त पोपटी साडीतली मी आठवत होते.

त्या थंडीत आम्ही गणितं सोडवणं जवळजवळ थांबवलं आणि शब्द खायला, मोजायला, अंगावर घालायला सुरुवात केली. सकाळी ऊन पटांगणात उतरलं की वर्ग बाहेर. रोज एक शब्द. ‘प्रत्येकी’ भाजक्या शेंगदाण्यांनी शिकवली. मी रोहनला, सानिकाला, दर्शनाला, एकेकाला दाणे देत गेले आणि देताना म्हणत गेले, “प्रत्येकी पाच. प्रत्येकी पाच.” दर्शनाने मूठ उघडून पाहिली, शेजारची मूठ पाहिली आणि म्हणाली, “म्हंजे दर मानशी!” सगळ्या वर्गाने तिच्याकडे वळून पाहिलं. घरात बोलतात तोच शब्द! मग पुढे कितीतरी दिवस चौथीच्या वर्गात कोणी काहीही वाटलं की पोरं ओरडायची, “प्रत्येकी आली, प्रत्येकी आली!”

‘फरक’ मात्र सहज येईना. काठ्या झाल्या, दोऱ्या झाल्या. एका सकाळी मी उंच रोहनला आणि वर्गातल्या सगळ्यात बुटक्या सानिकाला पाठीला पाठ लावून उभं केलं. म्हटलं, “आता फरक कुठे आहे, दाखवा.” कोणी रोहनकडे बोट दाखवलं, कोणी सानिकाकडे. दर्शना उठली. तिने सानिकाच्या डोक्यावर एक तळवा टेकवला, दुसरा तळवा रोहनच्या डोक्याच्या उंचीला धरला आणि दोन तळव्यांमधल्या मोकळ्या हवेकडे पाहत म्हणाली, “हा. हा वरचा तुकडा. हा रोहनमधे हाय, सानिकामधे नाय.”

अशी व्याख्या मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती. थंडीच्या कोवळ्या उन्हात ती हवा धरून उभी होती आणि मला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

आता मी खारघरच्या एका शाळेत आहे. मोठ्या इमारतींतली, गुळगुळीत वह्यांची मुलं. परवाच एक जण म्हणाला, “टीचर, ‘मोर’ आला की प्लस आणि ‘लेस’ आला की मायनस, इझी आहे.” मला हसू आलं. खाडीवरच्या माझ्या मुलांनीही हाच शॉर्टकट पकडला होता. ‘जास्त’ ऐकलं की मिळवायचं, ‘कमी’ ऐकलं की वजा करायचं. मी गणित घातलं होतं, “रोहनकडे पंधरा शेंगा आहेत. त्याच्याकडे सानिकापेक्षा चार जास्त आहेत. सानिकाकडे किती?” आणि अख्खा वर्ग गर्जला होता, “एकोणीस!”

“मग जास्त कोणाकडे झाल्या?” मी विचारलं.

रोहन कपाळावर हात मारून म्हणाला, “तिच्याकडंच की!” आणि आपल्या शेंगा गेल्याच्या दुःखाने खाली बसला.

दर्शनाने त्या दिवशी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र येता येताच, दप्तर खाली ठेवायच्या आधी म्हणाली, “बाई, मी रात्री इचार केला. आधी जास्त कोनाकडं ते बघायचं. शब्द आयकून पलायचं नाय.”

शब्द ऐकून पळायचं नाही. तिच्या परवानगीने मी तेव्हापासून प्रत्येक वर्गाला हे वाक्य सांगते.

अपूर्णांक आले तेव्हा मी सुनंदाताईंनाच बोलावलं, कारण मुलांना ‘अंश’ आणि ‘छेद’ समजण्याआधी ‘वाटा’ ठाऊक होता. बाजारात मासळी वाट्याने विकतात. त्या कोळंबीची पाटी घेऊन आल्या, वर्गाला पाहून लाजल्या, पदर खोचला आणि फळ्याखाली बसून भराभर चार वाटे घातले. मी ऐटीत म्हटलं, “बघा मुलांनो, चार समान वाटे. यातला एक म्हणजे एक चतुर्थांश.”

“समान कुठं, बाई?” सुनंदाताई म्हणाल्या. “ह्यात मोठी कोलंबी हाय, ह्यात बारकी हाय. दिसाया सारकं हाय. मोजाया नाय.”

वर्गात एकदम कल्लोळ उडाला. सारखं म्हणजे दिसायला सारखं की मोजायला सारखं? अर्धा वर्ग एका बाजूला, अर्धा दुसऱ्या. दर्शना आईच्या समोर जाऊन बसली आणि वाटे बदलू लागली, इकडची एक तिकडे, तिकडची दोन इकडे. आई म्हणाली, “अगो, गिऱ्हाईक निंगून जाईल तोवर!” तरी पोरगी ढिम्म हलेना. शेवटी मान वर करून म्हणाली, “आता समान झाले. आधी नुसते सारके होते.” सुनंदाताईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की डोळे पुसत होत्या, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मग आमची पोपटी झाली. शाळेच्या पटांगणात, भर दुपारी, गुरुजींच्या परवानगीने. पालकांनी मडकं आणलं, पेंढा आणला. मुलांनी बांधावरून भांबुर्डा ओरबाडून आणला. त्यांच्या हातांचा वास आठवडाभर वह्यांना येत होता. मडक्यात तळाला पाल्याचा थर, वर शेंगांचा, मीठ-ओवा, मग बटाटे, परत पाला. जाळ कुठवर पोचेल ते ठरवायला मुलांनी भोवती सुतळी फिरवली आणि तेव्हाच ‘परिमिती’ हा जड शब्द त्यांच्या पायाखाली आला. सुतळीवरून गोल गोल चालत पोरं त्याचा घोष करत होती. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, चर्र झालं, पोपटी झाली. पाला बाजूला केल्यावर वाफेचा जो लोट आला, त्यात सगळ्यांचे चेहरे काही क्षण दिसेनासे झाले.

शेंगा वाटून झाल्यावर थोड्या उरल्या. त्यावरून भांडण जुंपलं. रोहन म्हणे ‘बाकी’, सानिका म्हणे ‘शिल्लक’, तिसरं कोणी म्हणे ‘शेष’. दर्शना शेंग सोलत शांतपणे म्हणाली, “मला घरात दर्शी बोलतान, शालेत दर्शना, मामाकडं बाय. मी एकच हाय ना?” आणि उरलेल्या शेंगा, बाकी, शिल्लक, शेष, जे काही होतं ते, तिने ओमच्या ओंजळीत टाकलं.

संक्रांत झाली आणि मॅडम परत आल्या. त्या सकाळी गुरुजी उगाच कुंड्यांना पाणी घालत होते, त्याच त्या कुंडीला पुन्हा पुन्हा. सुनंदाताई बाजारात गेल्याच नव्हत्या. फाटकापाशी रिकामी पाटी घेऊन उभ्या होत्या.

दर्शना उभी राहिली. मॅडमनी तिला ओळखलं असावं, कारण त्या जरा मऊ आवाजात बोलल्या. “एका होडीत चोवीस टोपल्या आहेत. त्या दुसऱ्या होडीपेक्षा सहा जास्त आहेत. दुसऱ्या होडीत किती?”

दर्शना आपल्या दोन तळव्यांकडे बघत होती. पंखा घरघरत होता. मॅडमचं पेन कागदाकडे झुकलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि मी माझेच हात घट्ट धरून उभी होते.

“थांबा, मॅडम,” दर्शना म्हणाली. पेन थांबलं. “जास्त पयल्या होडीत हाय. मंग दुसरीत कमी. अठरा.”

“आणि फरक किती?”

“सहा.” तिने दोन तळवे एकावर एक, मध्ये अंतर ठेवून धरले. “हा वरचा तुकडा. तो पयलीतच हाय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी त्या तळव्यांमधल्या हवेकडे पाहिलं, जसं मी एकदा पाहिलं होतं. “दोन्ही होड्या मिळून?”

“बेचालीस.”

“या बेचाळीस टोपल्या सहा जणींना समान वाटल्या, तर...” मॅडम क्षणभर थांबल्या. हसू दाबत असाव्यात. “...प्रत्येकी किती?”

दर्शनाच्या गालावर खळी पडली. “प्रत्येकी सात,” ती म्हणाली, आणि या वेळी अख्खा वर्ग हसला तेव्हा सगळ्यात मोठ्याने ती हसली.

मॅडमनी कागदावर काय लिहिलं ते मला उभ्या जागेवरून दिसत होतं : चौथीचा स्तर. मी दाराकडे पाहिलं. गुरुजींनी फाटकाच्या दिशेने हात वर केला होता आणि पलीकडे सुनंदाताईंनी पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली होती.

“मॅडम, आता मी एक घालू?” दर्शनाने विचारलं.

“घाल की.”

तिने गणित घातलं. खाडी, भरती, चिंबोऱ्या आणि एक बेइमान मामा असलेलं लांबलचक गणित. मॅडमनी खरोखर विचार करून ते सोडवलं आणि बरोबर आलं तेव्हा मुलांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग रोहनला घालायचं होतं. मग सानिकाला. मग मागच्या बाकावरच्या, वर्षभर तोंड न उघडलेल्या पोरांनाही. “मला, मॅडम!” “माझं दुप्पटीचं हाय!” “माझ्यात पावनेदोन हाय!” हात वर, बाकांवर गुडघे, फळ्यावरची धूळ उडतेय, कोणी कोणाचं ऐकत नाही आणि सगळे गणितच बोलताहेत. मॅडमना पुढच्या शाळेत जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, पर्स बाजूला ठेवली आणि खुर्ची मुलांच्या जवळ ओढली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. ओमच्या वर्गातली पोरं ओरडत पटांगणात धावली. बाहेर खिचडीचा वास सुटला होता.

माझ्या वर्गातून कोणी उठलं नाही.